पार्ट नको, माप द्या

जुन्या गाड्यांविषयी आपल्याकडे दोनच प्रकारे लिहिलं जातं. एक म्हणजे उसासे: आजोबांची गाडी, रेक्झिनच्या सीटचा वास, पहिली पंढरपूर फेरी. दुसरं म्हणजे जुगाडाचं कौतुक: बघा, आपल्या मिस्तरीनं टायरचं रबर कापून बुश केला आणि गाडी पळवून दाखवली! उसाशांशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते जुगाडाच्या कौतुकाशी. कारण त्या टाळ्यांच्या आवाजात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. टायर कापायची वेळ आलीच का?

मी सॉफ्टवेअरवाला. पदवी इंजिनिअरिंगची, नोकरी पुण्याची, घर सोलापूरचं. आणि घरात एक स्टँडर्ड हेरल्ड. माझ्या वयाच्या बहुतेकांनी हे नाव ऐकलेलं नसतं, म्हणून थोडक्यात सांगतो.

परवाना-राजच्या काळात भारतात कार म्हणजे मुख्यतः तीन नावं. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची ॲम्बॅसिडर, मुंबईची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. यातली ॲम्बॅसिडर म्हणजे मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. आणि हेरल्ड म्हणजे इंग्लंडचीच ट्रायम्फ हेरल्ड. ट्रायम्फनं ती १९५९ मध्ये बाजारात आणली. १९६१ पासून मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ती इथे बनवू लागली. १९७२ मध्ये तिच्यावरूनच बेतलेली गॅझेल आली आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कंपनीचं गाड्या बनवणंच थांबलं. ॲम्बॅसिडर २०१४ पर्यंत बनत राहिली, त्यामुळे तिचे पार्ट अजून कुठे ना कुठे सापडतात. हेरल्डचं तसं नाही.

आता गाडीखाली शिरू.

हेरल्डचं पुढचं चाक एका उभ्या पोलादी दांड्याला धरलेलं असतं. या दांड्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते टोक ब्राँझच्या एका ठोकळ्यात फिरवून बसवलेलं असतं. या ठोकळ्याला ट्रनियन म्हणतात. तुम्ही स्टिअरिंग वळवलं की दांडा त्या ठोकळ्यात स्क्रूसारखा थोडा फिरतो. डाव्या आणि उजव्या चाकाचे आटे एकमेकांच्या उलट दिशेचे. गाडीचं पुढचं वजन, खड्ड्यांचे दणके आणि वळणाचा ताण हे सगळं शेवटी या मूठभर धातूपाशी येतं.

या ठोकळ्यात तेल घालायचं असतं. ग्रीस नव्हे, तेल. गिअरबॉक्समध्ये घालतात ते घट्ट तेल, ईपी-९०. ग्रीस मारलं तर ते आट्यांमध्ये नीट पोचत नाही, तोंडाशीच घट्ट होऊन बसतं. आत पाणी शिरतं, आटे गंजतात, आणि एके दिवशी दांडा तिथेच मोडतो. मोडला की चाक गाडीखाली दुमडतं. त्या क्षणी तुम्ही अंगणात गाडी वळवत असाल तर नशीब, अन् हायवेवर असाल तर काय होईल ते सांगायला नको.

एका गॅरेजात आमच्या गाडीच्या ट्रनियनमध्ये वर्षानुवर्षं ग्रीस मारलं गेलं. निपल दिसलं की ग्रीसगन लावायची, ही तिथली रीत. त्या मिस्तरींना शिव्या घालणं सोपं आहे. पण त्यांना सांगणार कोण होतं? ज्या कंपनीनं गाडी बनवली ती उरली नाही. मॅन्युअलचं ते पान त्यांच्या हातात कधी पडलंच नाही. ज्ञान नव्हतं तिथे सवय आली, आणि सवयीनं गाडीचं सांधं खाल्लं.

झिजलेला ठोकळा बदलायचा तर एक रस्ता इंग्लंडचा. ट्रायम्फच्या स्पिटफायर या स्पोर्ट्स कारलाही अशीच रचना असल्यामुळे तिकडे हे पार्ट आजही नव्यानं बनतात. पैसे, टपाल आणि कस्टम भरायची तयारी असेल तर मिळतात. दुसरा रस्ता आपल्या घरापासून वीस मिनिटांवरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसी.

अक्कलकोट रोड एमआयडीसी म्हटलं की बाहेरच्यांना टॉवेल आणि चादरी आठवतात. बरोबरच आहे. पण मागांच्या खडखडाटाच्या अधूनमधून इथे जॉबवर्कच्या शेड आहेत. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल, कोपऱ्यात लोखंडाचा चुरा. याच एमआयडीसीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही १९९२ साली सुरू झालेली कंपनी आहे, जी देशाबाहेरच्या मोटार कंपन्यांनाही कॅमशाफ्ट पुरवते. कॅमशाफ्ट म्हणजे मायक्रॉनमध्ये बोलणारा पार्ट. तेव्हा 'सोलापुरात असलं काही बनणार आहे का' असं म्हणणाऱ्यानं आपल्या गाडीचं बॉनेट जरा जपूनच उघडावं.

एका शेडमध्ये मी झिजलेला ट्रनियन टेबलावर ठेवला. टर्नर काकांनी तो उचलला, नखानं आटे चाचपले आणि परत खाली ठेवला. म्हणाले, "गाडी कुठली का असंना ओ. पार्ट नका दाखवू, माप द्या."

मी म्हटलं, याच्यावरूनच माप घ्या ना.

"झिजलेल्याचं माप घेतलं तर नवा पण झिजलेलाच होणार की!"

चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये मला कुणी इतक्या कमी शब्दांत इतकं शिकवलं नव्हतं. 'बघून बनवून घेऊ' म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य ऐकवायला हवं. हातातला जुना पार्ट तुम्हाला फक्त त्याची आजची अवस्था सांगतो. तो बनला तेव्हा किती मापाचा होता हे सांगत नाही. आट्यांमध्ये तेलासाठी किती फट ठेवली होती, किती कमी-जास्त चालणार होतं, धातूचं मिश्रण कुठलं होतं, पोलाद किती कडक केलं होतं, यातलं काहीच तो बोलत नाही. आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर सोर्स कोड हरवलाय आणि नुसता चालणारा प्रोग्राम हाती आहे. तो काय करतो ते दिसतं. तसंच का करतो ते कळत नाही. आणि 'का' माहीत नसताना बदल करणाऱ्यानं पुढे काय काय पाहिलं असेल ते आमच्यातल्या कुणालाही विचारा.

म्हणून माझं म्हणणं असं. जुनी गाडी पार्टांअभावी मरत नाही. ती ड्रॉइंगअभावी मरते. लेथ आहे, हात आहेत, धातू आहे, बाजूच्या गल्लीत हीट ट्रीटमेंटही होते. नाही तो फक्त एक कागद. ज्यावर मापं, सहनमर्यादा, धातू आणि कडकपणा लिहिलाय असा कागद. तो नसला की कुशल टर्नरलासुद्धा अंदाजावर काम करावं लागतं, आणि त्या अंदाजाला आपण हसत हसत जुगाड म्हणतो. त्या शब्दानं नीट काम करणाऱ्याचा अपमान होतो आणि हयगय करणारा सुटतो. मापाबरहुकूम गनमेटलचा बुश काढणारा आणि टायर कापून ठोकणारा, दोघं एकाच शब्दात बसतात.

हा फरक सस्पेन्शनमध्ये जिवावर बेततो. रबराचा किंवा नायलॉनचा बुश चुकला तर गाडी खडखडेल, टायर एका बाजूनं खाल्लं जाईल. पण तो उभा दांडा हा घडवलेल्या पोलादाचा पार्ट आहे. तो कुणी बाजारातल्या साध्या एमएसच्या सळीतून काढून दिला तर दिसायला हुबेहूब दिसेल आणि एखाद्या खड्ड्यात दगा देईल. कुठला पार्ट लेथवर करायचा, कुठला हातही लावायचा नाही, आणि कुठला वापरण्याआधी लाल डाय मारून त्याला तडा गेलाय का ते तपासायचं, ही ओळ कागदावर हवी. आज ती कुणाच्या तरी डोक्यात असते, आणि ते डोकं निवृत्त होऊन गावी जातं.

'इंग्रजांची गाडी, इंग्रजांनाच जमणार' हा आणखी एक आवडता गैरसमज. तिकडे काय केलं ते बघा. ब्रिटिश लेलँड डबघाईला आलेली असताना १९७५ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था उभी राहिली. जुन्या गाड्यांचे साचे आणि हत्यारं तिनं जपली. एमजीबी ही स्पोर्ट्स कार १९८० मध्ये बंद झाली, पण १९८८ पासून तिची कोरी करकरीत बॉडी मूळ साच्यांवर पुन्हा बनू लागली. बंद झालेल्या कारखान्यांची कागदपत्रं गेडनच्या संग्रहालयात सांभाळलेली आहेत. त्यांचे कामगार आपल्यापेक्षा हुशार होते म्हणून हे झालं नाही. कारखाना बंद करताना कपाटं भंगारात घालायची नाहीत, एवढं कुणाला तरी सुचलं.

आणि आपल्याला ब्रिटिश यंत्रं सांभाळायची सवय नाही असं तर सोलापुरात कुणी म्हणूच नये. इथल्या कापडगिरण्या लँकेशायरच्या यंत्रांच्या जमान्यात उभ्या राहिल्या. ती यंत्रं पिढ्यान्‌पिढ्या चालती ठेवली ती इथल्याच फिटरांनी. त्यांनी काय मापं घेतली, काय बदललं, त्याची वही किती ठिकाणी उरली असेल? गिरण्या गेल्या आणि वह्याही गेल्या.

सरकारचं काय? २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. ५० वर्षांहून जुनी गाडी, 'व्हीए' मालिकेचा नंबर, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, आणि नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच बाहेर. म्हणजे कायद्याला गाडीचं रूप जपायचंय, चालणं नाही. उभ्या गाडीचे बुश तडकतात, सीलमधून तेल झिरपतं, पाटे गंजून एकमेकांना चिकटतात. सस्पेन्शन जिवंत राहतं ते चालण्यानं.

२०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्यानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, वर्षअखेरीस पोर्टलही आणलं. त्यात मोटारी आहेत, शेतीची अवजारं आहेत, मोबाइल आहेत. चांगली सुरुवात आहे. पण पोर्टलवर माहिती देणार त्या जिवंत कंपन्या. मेलेल्या कंपनीच्या वस्तूचं काय?

इथे एक आक्षेप हमखास येतो: ड्रॉइंग म्हणजे कंपनीची बौद्धिक संपदा, ती फुकट कशी मागता? मग कायद्याकडेच पाहू. भारतात पेटंट २० वर्षांनी संपतं. नोंदवलेलं डिझाइन जास्तीत जास्त १५ वर्षं टिकतं. १९५९ च्या ट्रनियनवर आज कुणाचं पेटंट उरलंय? जी मक्तेदारी कायद्यानं केव्हाच संपवली, ती कपाटाच्या कुलपामुळे चालू आहे.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: हे चार हौशी लोकांचं दुखणं, त्यासाठी धोरण कशाला? हेरल्ड बाजूला ठेवा. ज्या कंपनीनं मॉडेल बंद केलं तिचा ट्रॅक्टर शेतात उभा आहे. ज्याचा बनवणारा उरला नाही तो माग शेडमध्ये चालतोय. उद्या तुमच्या इलेक्ट्रिक स्कूटरची स्टार्टअप गुंडाळली जाईल, तेव्हा तिच्या पुढच्या फोर्कचं माप कुणाला विचाराल? आमच्या पिढीनं घेतलेल्या वस्तूंच्या कंपन्या आमच्या वस्तूंपेक्षा लवकर मरणार आहेत. हेरल्डवाल्यांच्या वाट्याला ते आधी आलं, एवढंच.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा: ड्रॉइंग खुली केली तर कुणीही पार्ट बनवेल. अहो, कुणीही आजच बनवतोय. फक्त ड्रॉइंगशिवाय.

तेव्हा मागणी सरळ आहे. वाहन बनवणाऱ्यानं एखाद्या मॉडेलचे सुटे भाग पुरवणं बंद केलं की सस्पेन्शन, ब्रेक आणि स्टिअरिंगच्या झिजणाऱ्या भागांची ड्रॉइंग एका सार्वजनिक ठिकाणी जमा करणं त्याच्यावर बंधनकारक व्हावं. नवी संस्था काढायची गरज नाही. १९६६ पासून पुण्यात एआरएआय आहे, गाड्या तपासणं हेच तिचं काम. सॉफ्टवेअरच्या करारांत हे आम्ही रोज करतो: विकणारी कंपनी बुडाली तर सोर्स कोड ग्राहकाला मिळावा म्हणून तो आधीच तिसऱ्याकडे ठेवलेला असतो. लोखंडाला तोच न्याय लावायला काय हरकत आहे?

कायदा होईपर्यंतचं काम आपलं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला विकत आणलेले प्रोजेक्ट दरवर्षी कपाटात जातात. त्याऐवजी प्रत्येक गटानं एका बंद पडलेल्या यंत्राचा एक पार्ट घ्यावा. न झिजलेला नमुना शोधावा, पाच ठिकाणचे मोजावेत, धातूची चाचणी करून घ्यावी, कडकपणा तपासावा आणि ड्रॉइंग खुलं टाकावं. टर्नरचा सल्ला घेतला तर त्याचं नाव त्या ड्रॉइंगवर घालावं, फीही द्यावी.

आणि तुमच्याकडे गाडी नसली तरी बनवणारा उरला नाही अशी एखादी चालती वस्तू असेलच. मिक्सर, शिलाई मशीन, पाण्याचा पंप. पुढच्या वेळी तिचा पार्ट बदलाल तेव्हा जुना भंगारात टाकण्याआधी नव्याला व्हर्नियर लावा, आकडे लिहा आणि फोटोसकट कुठेतरी उघड्यावर ठेवा. नवा पार्ट झिजायच्या आत. झिजलेल्याचं माप काय कामाचं, ते वर आलंच आहे.