औषध आजाऱ्यालाच द्या!
ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबांना कळकळीचं आवाहन



घरात कुणाची किमोथेरपी चालू असते आणि मध्यरात्री ताप चढतो. इस्पितळात नेल्यावर डॉक्टर लगेच अँटिबायोटिक सुरू करतात. औषध लागू पडलं तर माणूस थोड्या दिवसांत घरी येतो. लागू पडलं नाही तर दुसरं, मग तिसरं औषध शोधावं लागतं आणि हातातला वेळ निघून जातो. या देशाच्या आरोग्य सुरक्षा संस्थेच्या अंदाजानुसार इंग्लंडमध्ये अँटिबायोटिकला दाद न देणारे गंभीर जंतुसंसर्ग २०१९ मध्ये ६२,३१४ होते. २०२३ मध्ये ते ६६,७३० झाले. जगभरात २०१९ या एका वर्षात अशा जंतूंनी थेट घेतलेले बळी सुमारे १२ लाख ७० हजार होते.

यात माणसांनी वाटेल तशा घेतलेल्या औषधांचा मोठा वाटा आहेच. पण हे जंतू आणखी एका वाटेनं आपल्यापर्यंत येतात. ती वाट गोठ्यातून, डुकरांच्या वाड्यातून आणि कोंबड्यांच्या शेडमधून निघते आणि आपल्या स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत पोचते. आजचं आवाहन मुख्यतः त्या वाटेबद्दल आहे.

हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये दोन-चार आजारी पडले की एकेकाला पकडून गोळी देता येत नाही. औषध पिण्याच्या पाण्यात मिसळलं जातं आणि आजारी पक्ष्यांबरोबर ठणठणीत पक्षीही ते पितात. प्रत्येकाच्या आतड्यातले दुबळे जंतू मरतात आणि औषध पचवणारे उरतात. मोकळ्या झालेल्या जागेत तेच वाढतात. पुढे विष्ठेतून ते खतात, खतातून शेतात आणि ओढ्यात जातात, कामगारांच्या हातावर येतात, कापणीच्या वेळी मांसाला लागतात. शिवाय औषधाला पुरून उरण्याचं जनुक एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूला देऊ शकतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी कोलिस्टिनला निष्प्रभ करणारं असंच एक जनुक डुकरांत, मांसात आणि रुग्णांत सापडल्याचं जाहीर केलं. सगळी औषधं हरल्यावर डॉक्टर ज्याच्याकडे वळतात, ते हे कोलिस्टिन. डिसेंबरमध्ये ब्रिटनमध्ये शोध घेतला, तर माणसांच्या साठवलेल्या नमुन्यांत आणि इथल्या डुकरांतही तेच जनुक निघालं.

हे अचानक कोसळलेलं संकट नाही. नॉर्दर्न लाइनवरच्या कॉलिंडेल स्टेशनावरून आपल्यापैकी कितीतरी जण रोज जातात. तिथल्याच प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात संशोधक ई. एस. अँडरसन यांनी वासरांमधल्या साल्मोनेला या जंतूचा माग काढला. कोवळी वासरं व्यापाऱ्यांमार्फत देशभर फिरत होती, दाटीवाटीत आजारी पडत होती आणि त्यांना औषधावर औषध पाजलं जात होतं. एकेक औषध निकामी होत गेलं आणि तोच जंतू माणसांतही सापडला. त्यानंतर नेमलेल्या स्वॉन समितीनं १९६९ मध्ये स्पष्ट बजावलं की, माणसांच्या उपचाराला लागणारी औषधं जनावरांची वाढ व्हावी म्हणून चाऱ्यात घालू नका. वाढीसाठी अँटिबायोटिक देण्यावर पूर्ण बंदी यायला मात्र १ जानेवारी २००६ उजाडावं लागलं. इशारा आणि बंदी यांत छत्तीस वर्षं गेली. तेवढा उशीर आता परवडणार नाही.

मनात आणलं तर बदल घडतो, हेही इथल्याच शेतकऱ्यांनी दाखवून दिलं आहे. २०१४ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांच्या दर किलो वजनामागे ६२.३ मिलिग्रॅम अँटिबायोटिक विकलं जात होतं. २०२२ मध्ये ते २५.७ मिलिग्रॅमवर आलं. पशुवैद्य आणि पशुपालक यांनी लसीकरण, स्वच्छता आणि मोकळी जागा यांवर भर दिला, त्याचं हे फळ. गाय आटवताना पूर्वी दगडी हा कासेचा आजार होऊ नये म्हणून सरसकट प्रत्येक गाईच्या चारही सडांत औषध सोडलं जाई. आता अनेक गोठ्यांत आधी तपासणी होते आणि गरज असेल त्याच गाईला औषध मिळतं. म्हणून शाकाहारी वाचकांनाही माझी विनंती आहे. आपल्या चहातलं दूध, घरचं पनीर, शेणखतावर पिकलेली कोथिंबीर या सगळ्यांचा या प्रश्नाशी संबंध आहे.

काम अर्धवट आहे ते कायद्यात. १७ मे २०२४ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये जनावरांना नित्यनेमानं अँटिबायोटिक देण्यावर आणि अस्वच्छता झाकण्यासाठी औषध वापरण्यावर बंदी आहे. पण अपवादात्मक परिस्थिती म्हणून निरोगी जनावरांच्या सबंध कळपाला प्रतिबंधक औषध देण्याची वाट मोकळी ठेवली आहे. युरोपीय संघानं २८ जानेवारी २०२२ पासूनच अशा प्रतिबंधक वापराला एकेका जनावरापुरतं बांधून टाकलं आहे. फ्लुओरोक्विनोलोन गटातली औषधं कोंबड्यांना देणं अमेरिकेनं २००५ मध्ये बंद केलं. इथे त्यांचा वापर खूप घटला आहे, पण बंदी नाही. दुकानातल्या कोंबडीवर सापडणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जंतूंपैकी जवळपास निम्मे याच गटातल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनला दाद देत नाहीत. ब्रिटनमध्ये अन्नातून होणाऱ्या विषबाधेचं सर्वांत मोठं जिवाणूजन्य कारण हाच जंतू आहे.

म्हणून प्रत्येक मराठी घराला चार गोष्टींची विनंती.

पहिली, कोंबडी नळाखाली धुऊ नका. आपल्या आई-आजीनं शिकवलेली ही सवय मोडणं जड जातं, हे मला ठाऊक आहे. पण धुताना उडालेले थेंब ओट्यावर, भांड्यांवर, बाजूला चिरून ठेवलेल्या काकडीवर जातात. ओलावा कागदानं टिपा, कागद थेट कचऱ्यात टाका, मग हळद-मीठ आणि आलं-लसूण लावा. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट वेगळे ठेवा, हात साबणानं धुवा. रस्सा चांगला रटरटू द्या. उन्हाळ्यात बागेत निखाऱ्यांवर भाजलेली तंगडी बाहेरून काळी आणि हाडाशी गुलाबी राहते. ती कापून पाहिल्याशिवाय मुलांच्या ताटात वाढू नका.

दुसरी, विकत घेताना विचारा. खाटकाला विचारा, सुपरमार्केटला लिहा: हे मांस कुठून आलं? तिथे निरोगी जनावरांना अँटिबायोटिक देतात का? आयात मांसालाही तुम्ही हाच नियम लावता का? एका गिऱ्हाइकाचा प्रश्न विसरला जातो. पण एकाच वस्तीतल्या पन्नास घरांनी तोच प्रश्न विचारला, तर दुकानदाराला उत्तर शोधावंच लागतं.

तिसरी, भारतातून येताना बॅगेत अँटिबायोटिकच्या पट्ट्या आणू नका. मेतकूट आणा, गोडा मसाला आणा. सर्दी-खोकला विषाणूंमुळे होतो, त्यावर ॲझिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालत नाही. निरोगी कळपाला औषध पाजणं चूक असेल, तर गरज नसताना आपण गोळी गिळणंही तितकंच चूक आहे. डॉक्टरांची वेळ मिळत नाही ही अडचण खरी आहे. पण इंग्लंडमध्ये जानेवारी २०२४ अखेरपासून घसादुखी, कानदुखी, स्त्रियांमधला साधा मूत्रमार्गाचा संसर्ग अशा सात तक्रारींवर औषधाच्या दुकानातले फार्मासिस्ट तपासून, गरज असेल तरच अँटिबायोटिकसारखं औषध देऊ शकतात. उरलेल्या गोळ्या कुणाला देऊ नका, कचऱ्यात किंवा मोरीत टाकू नका. त्या फार्मसीत परत करा. आणि गावाकडे कुणाचा पोल्ट्रीचा धंदा असेल, तर पुढच्या फोनवर त्यांच्याशीही बोला. भारतानं जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना कोलिस्टिन देण्यावर बंदी घातली आहे, हे त्यांना माहीत असू द्या.

चौथी आणि सर्वांत निकडीची, आपल्या खासदाराला पत्र लिहा. इथे राहणाऱ्या, मतदारयादीत नाव असलेल्या भारतीय नागरिकांनाही राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून संसदेच्या निवडणुकीत मतदान करता येतं. तेव्हा आपलं मत मोजलं जात नाही, असं समजू नका. पत्रात तीन मागण्या असू द्या: निरोगी कळपाला सरसकट प्रतिबंधक अँटिबायोटिक देण्याची मुभा काढून टाका, कोंबड्यांना फ्लुओरोक्विनोलोन देणं कायद्यानं बंद करा, बाहेरून येणाऱ्या मांसाला इथल्या शेतकऱ्याइतकेच कडक नियम लावा. प्रामाणिकपणे औषध कमी करणारा इथला पशुपालक स्वस्त आयात मालापुढे हरला, तर त्याच्या मेहनतीबरोबर आपलं औषधही गेलं.

मराठी मंडळांना वेगळी विनंती आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभं आहे आणि आज गावोगावी मंडळं आहेत. दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर हा जगभर याच विषयाच्या जागृतीचा आठवडा असतो. त्या आठवड्याच्या कार्यक्रमात एक तास राखून ठेवा. आपल्यातले डॉक्टर, फार्मासिस्ट आणि पशुवैद्य यांना बोलवा. पत्राचा मसुदा टेबलावर ठेवा आणि सभागृहातून बाहेर पडण्याआधी प्रत्येकाची सही घ्या.

पण नोव्हेंबरची वाट पाहू नका. आज संध्याकाळी घरातलं औषधांचं कपाट उघडा. उरलेल्या पट्ट्या पिशवीत भरा आणि उद्या सकाळी फार्मसीत नेऊन द्या. रविवारी कोंबडी न धुता शिजवा. रस्सा रटरटत असताना खासदाराला पत्र लिहून टाका आणि पहिल्या ओळीत एवढंच लिहा: औषध आजाऱ्यालाच द्या.