घरातला संगणक : रॅम खराब झालेली नाही

परंड्याच्या एका भगिनींचा प्रश्न आहे. जुन्या लॅपटॉपवर मुलाने उबुंटू टाकून दिलं होतं. गेल्या महिन्यात २२.०४ वरून २४.०४ वर अपग्रेड केलं आणि तेव्हापासून काळ्या पडद्यावर ‘आउट ऑफ मेमरी’ एवढंच येतं. दुकानदार म्हणतो, रॅम गेली, नवा लॅपटॉप घ्या. आत मरहूम सासऱ्यांचे फोटो आहेत आणि लेकीच्या प्रवेशाची, जातपडताळणीची सगळी स्कॅन केलेली कागदपत्रं.

आपा, आधी धीर धरा. हा संदेश हार्ड डिस्कवरच्या तुमच्या फाइलींबद्दल नाही, आणि बहुतेक वेळा रॅमही ठीक असते.

लॅपटॉप सुरू होताना ग्रब नावाचा छोटा प्रोग्राम आधी जागा होतो. तो कर्नल आणि त्यासोबत ड्रायव्हरांचं एक गाठोडं, म्हणजे इनिट्रॅमएफएस, रॅममध्ये उचलून ठेवतो. नव्या आवृत्तीत हे गाठोडं फुगतं. रॅम ४ जीबी असली तरी त्या क्षणी ग्रबच्या वाट्याला त्यातला थोडाच भाग येतो. स्वयंपाकघर मोठं, पण ओटा हातभर, आणि त्यावर देग ठेवायची आहे, असं समजा.

उपाय असा. लॅपटॉप चालू करताच शिफ्ट दाबून ठेवा. मेनू आला नाही तर पुढच्या खेपेला एस्केप एकदोनदा दाबून पाहा. मेनूत ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन कमी आकड्याचा, म्हणजे जुना कर्नल निवडा. त्याचं गाठोडं लहान असेल तर लॅपटॉप चालू होईल. झाला की सर्वात आधी फोटो आणि कागदपत्रं पेनड्राइव्हवर घ्या. दुरुस्ती नंतर.

मग मुलाला सांगा : इटीसी फोल्डरात इनिट्रॅमएफएस-टूल्स, त्यात इनिट्रॅमएफएस डॉट कॉन्फ ही फाइल उघड. ‘मॉड्यूल्स’पुढे ‘मोस्ट’ लिहिलेलं असेल, तिथे ‘डेप’ कर. नंतर टर्मिनलमध्ये सुडो लावून अपडेट-इनिट्रॅमएफएस ही आज्ञा डॅश यू सह दे. आता जगभरातले ड्रायव्हर न भरता याच लॅपटॉपला लागणारे तेवढेच भरले जातात. ही डिस्क पुढे दुसऱ्या लॅपटॉपमध्ये बसवली तर मात्र अडेल, हे लक्षात असू द्या.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला, तेव्हापासून जुन्या यंत्रांवर लिनक्स टाकणारी घरं वाढताना दिसतात. म्हणून अपग्रेडला बसण्याआधीचं थोडं. आपण रॅमलाही मेमरी म्हणतो आणि डिस्कवरच्या जागेलाही, तिथेच घोळ होतो. ‘नो स्पेस लेफ्ट’ आलं तर ती डिस्कची तक्रार आहे. बूटचा भाग वेगळा असेल तर तो जुन्या कर्नलांनी भरतो. ‘ऑटोरिमूव्ह’ने ते निघतात. अपग्रेड चालू असताना लॅपटॉप गोठत असेल तर ती रॅमची तक्रार : ब्राउझर बंद ठेवा, स्वॅप फाइल ४ जीबीची करा.

आणि लाइट. आपल्याकडे ती कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि अर्धवट अपग्रेड हे वरच्या सगळ्यापेक्षा वाईट. बॅटरी उतरलेली असेल तर इन्व्हर्टरवरच बसा.

मेनूत जुना कर्नल दिसलाच नाही, तर दुसऱ्या संगणकावर उबुंटूचा पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून ‘ट्राय’ निवडून लॅपटॉप सुरू करा आणि फाइली दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवा. तोवर कुणालाही फॉरमॅट करू देऊ नका.