हुशार यंत्र आणि शहाण्या आपण

मैत्रिणींनो, ‘एआय’ हा शब्द आता भिशीच्या गप्पांतही येऊ लागलाय. एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. नाव भारदस्त असलं, तरी बिचकायचं कारण नाही.

तिचे तीन प्रकार सांगतात. पहिली ठरावीक कामापुरती हुशार. १९९७ साली बुद्धिबळात कास्पारोवला हरवणारं ‘डीप ब्लू’ याच जातीचं, पटाबाहेरचं त्याला काही कळत नव्हतं. दुसरी माणसासारखी सगळ्याच कामांत तरबेज आणि तिसरी माणसाच्याही पुढची. या दोघी अजून कल्पनेतच आहेत, असं बहुतेक तज्ज्ञ मानतात.

२०२२ साली आलेलं ‘चॅटजीपीटी’ अफाट मजकुरावरून शिकून शब्दापुढे शब्द जुळवतं. म्हणूनच ते कधी कधी चुकीचंही ठासून सांगतं. पत्र, अर्ज लिहायला त्याची मदत जरूर घ्या, पण औषधाचं डॉक्टरांनाच विचारा.

आणखी एक. आता आवाजाचीही हुबेहूब नक्कल होते. लेकाच्या आवाजात “आई, लगेच पैसे पाठव” असा फोन आला, तर तो ठेवा आणि त्याच्या नेहमीच्या नंबरावर आपणहून लावा. फसवणूक झालीच, तर लाजू नका. ताबडतोब १९३० या सरकारी हेल्पलाइनवर कळवा.

यंत्र हुशार असेल हो, पण खात्री करून घेण्याचा शहाणपणा आपलाच!