कसोटी सोन्याला, इस्पितळाला नाही

खासगी उद्योगाशी भागीदारी केली की सरकारी इस्पितळे आपोआप सुधारतात, असा एक सोयीचा सिद्धांत सध्या आपल्याकडे बोकाळला आहे. आम्हांला उद्योगाचा विटाळ नाही. सलाईनच्या बाटल्या, हातमोजे आणि सुया सरकारनेच तयार कराव्यात असे कोणी म्हणू लागला, तर त्याला खुळाच म्हणावे लागेल. माल कोणी पुरवावा, हा वाद नाहीच. आलेला माल तपासावयाचा कोणी आणि रोग्याच्या जिवाचा जाब द्यावयाचा कोणी, हा वाद आहे.

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रोगी दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. पुरवठादार खासगी होता. परंतु न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने एकट्या त्याच्यावर बोट ठेवले नाही. खरेदी करणारे, औषधांवर देखरेख ठेवणारे आणि त्यांच्या वरचे मंत्री, अशी सगळी साखळीच त्यांनी उघडी पाडली.

आता घरचेच उदाहरण घ्या. जून २०२० मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातून ८२ वर्षांची एक कोरोनाग्रस्त वृद्धा ‘बेपत्ता’ झाली. ८ दिवसांनी, १० जूनला, तिचे प्रेत सापडले ते रुग्णालयाच्याच शौचालयात! ते शौचालय रोज धुतले गेले असते, निदान कोणी दार ढकलून पाहिले असते, तर ८ दिवस लागले असते काय? अधिकारी निलंबित झाले. पण निलंबनाने फरशी धुतली जात नाही.

भागीदारीचे भाट यावर म्हणतील, ‘म्हणूनच सफाई कंत्राटदाराला द्या.’ खुशाल द्या! पण कंत्राटदार हिशेब देतो तो माणसांचा आणि झाडूंचा. जंतूंचा हिशेब त्याच्या बिलात नसतो. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइसने डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवावयास लावले आणि बाळंतिणींचे मरण घटले. हे सिद्ध झाले ते नोंदवहीमुळे. कोणत्या कक्षात किती दगावल्या, हे तेथे लिहिलेले होते.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. जळगाव आणि धुळे येथील शासकीय रुग्णालयांनी शस्त्रक्रियेनंतर किती जखमा चिघळल्या, किती बाळंतिणींना ताप आला, हे स्वतः मोजावे आणि दर महिन्यास दारावरच्या फळ्यावर लिहावे. ते आकडे पाहूनच कंत्राटदाराचे बिल चुकते करावे. मोजणी मात्र त्याच्या हाती देऊ नये. विकणाऱ्याच्या तराजूवर खानदेशचा शेतकरीसुद्धा डोळे मिटून विश्वास ठेवीत नाही.

जळगावच्या सराफ्यात गुंजभर सोनेदेखील कसाला लावल्यावाचून कोणी घेत नाही. चोपड्याहून वा शिरपुराहून आलेल्या गरीब बाळंतिणीचा जीव त्या गुंजेहून हलका आहे काय? असेल, तर तसे स्पष्ट सांगा; भागीदारीच्या गोष्टी सांगू नका.