विकतची शांतता

गेल्या महिन्यांत माझा एक जुना विद्यार्थी सहकुटुंब भेटावयास आला होता. चाकणच्या एका मोटार-कारखान्यांत तो आतां मोठ्या हुद्द्यावर आहे. पत्नी हिंजवडीस संगणकाच्या कचेरींत नोकरी करते. मुलगा नववींत शिकतो. चहापान झाल्यावर त्यानें पिशवींतून एक जाडशी फाईल काढली आणि तो म्हणाला, “सर, मे महिन्यांत आम्ही ग्रीसला जावें म्हणतों. गर्दीचें ठिकाण नको. एखादें अगदीं शांत बेट हवें. बायरन आणि होमर तुम्हींच आम्हांला शिकविलात. आतां बेटही तुम्हींच निवडून द्या.”

फाईल मीं मन लावून चाळली. निगडीहून पहाटे मोटारीनें मुंबई, तेथून विमानानें आखातांतलें एक शहर, तेथें विमान बदलून अथेन्स, मग पिरेअस बंदर, तेथून आगबोटीनें सांतोरिनी आणि शेवटीं दुसऱ्या बोटीनें फोलेगांद्रोस, सिकिनोस अथवा आनाफी, असा मार्ग आंखलेला होता. या तिन्ही बेटांवर विमानतळ नाहीं आणि प्रत्येकाची कायम वस्ती हजाराच्या आंत आहे. त्यांच्या शांततेचें रहस्य हेंच. मागें व्हिसाचे कागद होते : बँकेचा उतारा, मालकाचें रजेचें पत्र, ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची आगाऊ नोंद आणि माणशीं ९० युरो शुल्क. सर्वांत शेवटीं दिवसवार वेळापत्रक. त्यांत पांचव्या दिवसापुढें लिहिलें होतें : “सकाळीं १० ते १२, शांत बसणें.”

प्रथम मला हसूं आलें. पण रात्रीं अंथरुणावर पडल्यावर तेंच वाक्य मनाला टोंचूं लागलें. ज्या कुटुंबाला दोन तास शांत बसण्याकरितां पांच हजार किलोमीटर दूर जावें लागतें, त्याच्या गांवाचें कांहीं तरी फार बिघडलेलें असलें पाहिजे; आणि तें बिघडत असतां त्या गांवचे शहाणे लोक काय करीत होते, हा प्रश्न विचारणें प्राप्त आहे.

माझा वाद त्या कुटुंबाशीं नाहीं. तें कष्टाळू आहे, सुसंस्कृत आहे, आणि पैसा प्रामाणिकपणें मिळवितें. वाद आहे तो आमच्या पिंपरी-चिंचवडच्या सुशिक्षित समाजांत रुजलेल्या एका समजुतीशीं. ती समजूत अशी कीं, शांतता ही दूर कोठें तरी तयार मिळणारी वस्तु आहे. वर्षभर ती घरीं नसली तरी चालेल, पैसे सांठवून आठ दिवसांपुरती ती विकत घेतां येते. ही समजूत मला घातक वाटते. ज्या समाजांतले वजनदार लोक शांतता बाहेरून विकत घेऊं लागतात, त्या समाजांत घरची शांतता राखण्यासाठीं भांडणारा कोणी उरत नाहीं.

आरंभीं आमच्या धंद्याचा दोष कबूल करतों. ग्रीसच्या बेटांचें हें वेड आम्हां इंग्रजीच्या मास्तरांनींच पिढ्यान् पिढ्या पसरविलें आहे. निळा समुद्र, पांढरीं घरें, दगडी ओट्यावर ऊन खात बसलेला म्हातारा, एवढेंच चित्र आम्हीं विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें ठेविलें. परंतु बायरन ग्रीसला विश्रांतीसाठीं गेला नव्हता. तो गेला होता तुर्कांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धांत हात घालावयास, आणि १८२४ सालीं मिसोलाँघीच्या दलदलींत तापानें मेला. होमराची साक्ष तर याहून मोठी. ‘ओडिसी’ हें बेटांचें महाकाव्य. पण त्याचा नायक कॅलिप्सोच्या रम्य बेटावर सात वर्षें राहतो तें कसा? कष्ट नाहींत, कोलाहल नाहीं, अमरत्वही देऊं केलेलें. आणि हा गृहस्थ किनाऱ्यावर बसून खडकाळ इथाकेसाठीं, आपल्या घरासाठीं रडतो! ग्रीकांच्या आदिकवीनें शांत बेटाविषयीं दिलेला अभिप्राय हा असा आहे. आम्हीं तो वर्गांत शिकविला, पण त्याचा अर्थ सांगावयास विसरलों.

बरें, जेथें जावयाचें त्या बेटांची स्थिति काय आहे? सांतोरिनीची वस्ती सुमारें १५ हजार. तेथें वर्षाकाठीं येणारे पाहुणे ३० लाखांच्या घरांत. बंदरांत एकाच दिवशीं अनेक प्रचंड जहाजें येऊन रिचवूं लागलीं, तेव्हां ग्रीक सरकारला जुलै २०२५ पासून सांतोरिनी आणि मिकोनोस येथें ऐन हंगामांत अशा प्रत्येक उतारूवर २० युरो कर बसवावा लागला. शांततेच्या शोधांत निघालेल्यांवरच गर्दीचा कर! पारोस बेटाची हकीकत याहून बोलकी आहे. ग्रीसच्या कायद्याप्रमाणें समुद्रकिनारा सर्वांचा. पण हॉटेलवाल्यांनीं तेथील वाळूवर भाड्याच्या खुर्च्या आणि छत्र्या अशा दाटून मांडल्या कीं, गांवच्या माणसाला पंचा अंथरावयास जागा उरेना. तेव्हां २०२३ च्या उन्हाळ्यांत तेथले रहिवासी आपापले पंचे खांद्यावर टाकून किनाऱ्यावर चालून गेले आणि “आमचा किनारा आम्हांला परत द्या” असें त्यांनीं सांगितलें. ही चळवळ पंच्यांच्याच नांवानें प्रसिद्ध झाली, इतर बेटांवर पसरली, आणि सरकारला बेकायदा छत्र्यांवर कारवाई करावी लागली. सांतोरिनीला गर्दी झाली म्हणून लोक पारोसला गेले. पारोसला झाली म्हणून आतां फोलेगांद्रोसला निघाले आहेत. आमचा विद्यार्थी या रांगेंतलाच आहे. तो ज्या शांततेचे पैसे मोजतो, ती त्याच्या पायांनींच थोडी कमी होणार आहे.

हें मी वरच्या पायरीवर उभा राहून बोलत नाहीं. मी स्वतः गेलीं वीस वर्षें दर दिवाळींत दापोलीकडच्या एका किनाऱ्यावर शांततेसाठींच जातों. प्रथम गेलों तेव्हां गांवांत दोन घरगुती खाणावळी होत्या. आतां वाळूवरून मोटारी धांवतात आणि मध्यरात्रीपर्यंत कर्णे वाजतात. त्या मोटारींवरचे क्रमांक मीं एकदां मोजले. पुण्याचे एमएच १२ आणि आमचे एमएच १४ हेच सर्वांत अधिक. आपल्या गोंगाटाला कंटाळून आपण निघतों आणि तो गोंगाट सामानाबरोबर घेऊन जातों.

आतां घरीं येऊं. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ सालीं निघाला, १९६२ सालीं राज्याचें औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि पुढें आकुर्डी, भोसरी करीत करीत यंत्रें चाकणच्या कांदा-बाजारापलीकडे पोंचलीं. २००१ च्या शिरगणतींत आमच्या शहराची वस्ती १० लाख होती, २०११ मध्यें ती १७ लाखांवर गेली. या कारखान्यांनीं आमचीं घरें उभीं केलीं, आमच्या मुलांचीं शिक्षणें केलीं. त्यांना शिव्याशाप देणें हा कृतघ्नपणा होईल. परंतु त्यांनीं दिलें काय तेवढेंच आम्हीं मोजलें; घेतलें काय त्याचा हिशेब ठेविला नाहीं.

एकच उदाहरण घ्या. विजेचा भार आठवड्यावर वांटला जावा म्हणून भोसरी-पिंपरीच्या पुष्कळ कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी असते गुरुवारीं. शाळेला सुट्टी रविवारीं, संगणकाच्या कचेऱ्यांना शनिवारीं आणि रविवारीं. म्हणजे बाप घरीं असतो तेव्हां मूल शाळेंत, आणि मूल घरीं असतें तेव्हां बाप कामावर. वर्षांतून आठ दिवस तिघांनीं एकत्र बसण्यासाठीं बेट शोधावें लागतें तें यामुळें! आमच्या विद्यार्थ्याच्या फाइलीचें खरें मूळ हें आहे. वस्तुतः साप्ताहिक सुट्टीचा इतिहास महाराष्ट्राला नवा नाहीं. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईच्या गिरणीकामगारांची संघटना करून, सभा भरवून, अर्ज पाठवून कित्येक वर्षें झगडा केला, तेव्हां १८९० सालीं त्यांना रविवारची सुट्टी मिळाली. फुरसत ही त्या अर्धपोटी माणसांनीं सर्वांसाठीं भांडून मिळविली. आम्ही पोटभर खाणारे पदवीधर ती आपल्यापुरती खरेदी करतों.

दुसरें उदाहरण कायद्याचें. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात कीं, रहिवासी भागांत आवाज दिवसा ५५ आणि रात्रीं दहा ते सहा ४५ डेसिबलपेक्षां अधिक असूं नये. शांतता हा आपला हक्क म्हणून सरकारी कागदावर छापलेला आहे. तो मोडला जातो तेव्हां आम्ही खिडकीला दुहेरी कांच बसवितों, तीही विकतच.

तिसरें उदाहरण नदीचें. देहूवरून आळंदीस जाणारी इंद्रायणी कारखान्यांच्या आणि शहरांच्या सांडपाण्यानें इतकी नासली आहे कीं, गेलीं कांहीं वर्षें आळंदीच्या घाटापाशीं तिच्यावर पांढऱ्या फेंसाचे ढीग तरंगतांना दिसतात. माझ्या विद्यार्थ्याची आई दर कार्तिकीला आळंदीस जाते. हल्लीं ती नदींत पाय बुडवीत नाहीं. हात-पाय धुवावयास घरून बाटलींत पाणी नेते. फाईल चाळतांना ती शेजारींच बसली होती. तिचें नांव त्या फाइलींत नव्हतें.

आणि एकांताचेंच म्हणाल तर या पट्ट्याएवढा श्रीमंत मुलूख दुसरा कोणता? भंडारा, भामचंद्र आणि घोरवडेश्वर हे डोंगर तुकोबांच्या एकांताचीं ठिकाणें म्हणून परंपरा सांगते. यांपैकीं भामचंद्र चाकणच्या औद्योगिक क्षेत्राला अगदीं लागून आहे. २००८ सालीं त्याच्या पायथ्याशीं, शिंदे-वासुली येथें, एका अमेरिकन रसायन-कंपनीचें संशोधन केंद्र होणार असें ठरलें, तेव्हां वारकरी आणि आसपासचे गांवकरी रस्त्यावर उतरले. आणि अखेर तें केंद्र तेथें झालें नाहीं. त्या झगड्यांतल्या प्रत्येक कृत्याचें समर्थन करावें असें मी म्हणत नाहीं. पण पारोसचे लोक पंचे घेऊन वाळूसाठीं उभे राहिले, तसे हे लोक टाळ घेऊन डोंगरासाठीं उभे राहिले, हें विसरतां येत नाहीं. तेव्हां आघाडीवर प्राध्यापक नव्हते, व्यवस्थापक नव्हते, मीही नव्हतों. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा ही म्हण आपण दुसऱ्यांना लावतों. तो कळसा आपल्या काखेंतून निसटत असतांही आपण वळसा घालीत आहों.

यावर प्रतिपक्ष काय म्हणेल तें मला ठाऊक आहे. पहिला आक्षेप असा कीं, प्राध्यापकाला परवडत नाहीं म्हणून त्याला द्राक्षें आंबट लागतात. इसापाची ही गोष्टही मूळची ग्रीसचीच, आणि तींत थोडें तथ्य असेलही. पण माझ्या पगाराचा आंकडा लहान असल्यानें इंद्रायणीचा फेंस नाहींसा होत नाहीं. दुसरा आक्षेप गंभीर आहे. तळेगांव-चाकण रस्त्यावर रोज मालगाड्यांच्या रांगेंत तास तास अडकणारा, रात्रीं साडेनऊला घरीं पोंचणारा माणूस म्हणतो, “मी थकलों आहें. शहर सुधारण्याची शक्ति माझ्यांत नाहीं. मला आठ दिवस तरी सुटूं द्या.” या माणसाला मी दोष देऊं शकत नाहीं. त्याला विश्रांति पाहिजे, आणि ती त्यानें जरूर घ्यावी. पण त्यानें एवढें पाहावें कीं, ज्या व्यवस्थापकाला एक फाईल इतकी चोख तयार करतां येते, त्याची शक्ति संपलेली नाहीं. ती दुसरीकडे वळलेली आहे. आणि त्याच्याच कारखान्यांत कंत्राटावर काम करणारा, भाड्याच्या एका खोलींत चौघांसह राहणारा मजूर याच आवाजांत झोंपतो. त्याला फोलेगांद्रोस नाहीं. सुटणाऱ्यानें सुटण्यापूर्वीं त्याच्याकडे एकदां पाहावें.

तिसरा आक्षेप : एकट्यादुकट्यानें काय होणार? एकट्यानें कांहीं होत नाहीं, हें खरें. पारोसलाही कोणी एकटा गेला नव्हता, आणि लोखंडेही एकटे नव्हते. आमच्या सोसायट्यांच्या सभा होतात, त्यांत वाहन-तळाच्या पट्ट्यांवरून दोन दोन तास वाद चालतो. त्याच सभांनीं रात्रीं दहानंतरच्या कर्ण्यांची तक्रार लेखी करावी. इंद्रायणी आणि पवना यांत सोडल्या जाणाऱ्या पाण्याचा हिशेब महापालिकेकडे दर तीन महिन्यांनीं मागावा. आणि निदान शाळकरी मुलांच्या आईबापांना मुलांबरोबरच सुट्टी मिळावी असा आग्रह कारखानदारांकडे धरावा. यांतलें कोणतेंही काम व्हिसा मिळविण्यापेक्षां अवघड नाहीं.

विद्यार्थ्याला मीं बेट निवडून दिलें नाहीं. त्याला म्हटलें, “ग्रीसला अवश्य जा. अथेन्स पाहा, डेल्फी पाहा, लोकांशीं बोल. शांत बसावयाचें असेल तर मात्र तेथवर जाऊं नको. पारोसला थांबलास, तर किनारा त्यांनीं परत कसा मिळविला तेवढें नीट विचारून ये.” तो थोडा हिरमुसला झाला. पण परवां त्याचा दूरध्वनि आला होता. रजेच्या अर्जांतला एक दिवस त्यानें पुढें ढकलला आहे. कार्तिकीला तो आईबरोबर आळंदीस जाणार आहे. मीही त्यांच्याबरोबर जाणार आहें. घाटावर उभे राहून फेंस पाहावा, आणि परत येऊन पहिला अर्ज लिहावा, एवढाच बेत सध्यां ठरला आहे.