कायदा झाला, तारीख पडली

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर सरत्या वर्षाचा जमाखर्च मांडायचा रिवाज आहे. तो चार ओळींत उरकतो. मे २०२५ मध्ये जयंत नारळीकर गेले. मराठी मुलांना आकाशाकडे बघायला शिकवणारा माणूस गेला. जूनच्या अखेरीस पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय सरकारने मागे घेतले. जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आणि सप्टेंबरात मराठवाड्यावर असा पाऊस कोसळला की तिथल्या कित्येक घरांत या दिवाळीला फराळापेक्षा पंचनाम्याच्या कागदांची काळजी मोठी आहे. यांतल्या प्रत्येक गोष्टीवर अंकात जाणत्या माणसांनी लिहिले आहे. त्यामुळे हे पान माझ्या वर्षभराच्या एका चिडीसाठी मोकळे राहिले. तुम्ही इतकी वर्षे आमची संपादकीये सोसत आलात, हेही सोसाल.

चीड एका वाक्याची आहे. राज्यात कुठेही बाईवर, पोरीवर अत्याचार झाला की दुसऱ्या दिवशी ते मंत्र्यांच्या तोंडून येतेच: खटला फास्ट ट्रॅक कोर्टात चालवू, आरोपीला फाशीच्या शिक्षेची मागणी करू. पक्ष कोणताही असो, वाक्य तेच. मग समोरच्या बाकांवरून प्रश्न येतो, शक्ती कायद्याचे काय झाले? सत्ता बदलली की विचारणारे आणि उत्तर देणारे जागा बदलतात. प्रश्न आणि उत्तर जागच्या जागी.

तर शक्ती कायद्याचे काय झाले, ते एकदा ओळीने सांगून टाकतो.

३ फेब्रुवारी २०२० ला हिंगणघाटात कामावर निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला एकाने भर रस्त्यात पेटवून दिले. आठवडाभर झुंजून तिने नागपूरच्या रुग्णालयात प्राण सोडले. राज्यात संतापाची लाट उठली. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख आंध्र प्रदेशचा 'दिशा' कायदा पाहून आले. डिसेंबर २०२० मध्ये दोन विधेयके विधिमंडळात मांडली गेली, एक शिक्षा आणि तपासाचे, दुसरे विशेष न्यायालयांचे. एकवीस सदस्यांच्या संयुक्त समितीने वर्षभर मसुद्यावर काम केले. २३ डिसेंबर २०२१ ला विधानसभेने आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेने शक्ती विधेयक संमत केले. बलात्काराच्या घोर प्रकरणांत फाशी, तपास तीस दिवसांत, खटला तीस दिवसांत. विरोधात कोणी नव्हते. बाके वाजली, एकमेकांचे आभार मानले गेले, विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेले.

संमती आली नाही. मध्यंतरी १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली. ज्या भारतीय दंड संहितेत आपण दुरुस्ती करून ठेवली होती, ती संहिताच रद्द झाली. आता संमती मिळाली तरी ती दुरुस्ती चिकटवणार कुठे?

महाराष्ट्र यात एकटा नाही. आंध्रने डिसेंबर २०१९ मध्ये सात दिवसांत तपास आणि चौदा दिवसांत खटला संपवण्याचे विधेयक केले. तेही संमतीविना राहिले. पश्चिम बंगालने कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या घटनेनंतर महिन्याच्या आत, ३ सप्टेंबर २०२४ ला, 'अपराजिता' विधेयक संमत केले. ते जुलै २०२५ मध्ये परत आले. त्यात काही प्रकरणांत न्यायाधीशापुढे फाशीखेरीज पर्याय ठेवलेला नव्हता, आणि अशी सक्तीची फाशी सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच मिठू खटल्यात घटनाबाह्य ठरवलेली आहे. दिशा, शक्ती, अपराजिता. तीन राज्ये, सत्तेवर वेगवेगळे पक्ष, परिणाम एकच. नावे ठेवण्यात मात्र कोणी कमी पडले नाही.

फौजदारी कायदा समवर्ती सूचीत येतो. केंद्राच्या कायद्याशी विसंगत असे काही राज्याला करायचे असेल तर संविधानाच्या कलम २५४ प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते. हे विधिमंडळातल्या प्रत्येक जुन्या सदस्याला पाठ आहे. आणि राज्याला हे जमत नाही असेही नाही. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा १९९९ चा मोक्का कायदा याच वाटेने आला आणि गेली पंचवीस वर्षे लागू आहे. तेव्हा नुसते दिल्लीकडे बोट दाखवून सुटका नाही. संमतीची मोहोर उमटली असती तर काय बदलले असते, हा खरा प्रश्न आहे.

हिंगणघाटपासूनच बघू. ज्या घटनेतून शक्तीचा जन्म झाला, तो गुन्हा खुनाचा होता. खुनाला फाशी इंग्रजांनी १८६० मध्येच लिहून ठेवली होती. राज्यातले सर्वांत नामांकित सरकारी वकील उभे राहिले, सगळ्या महाराष्ट्राचे लक्ष होते, आणि तरीही निकाल लागायला दोन वर्षे लागली. १० फेब्रुवारी २०२२ ला न्यायालयाने जन्मठेप दिली. म्हणजे फाशीची तरतूद असूनही न्यायाधीशांनी तिच्याकडे न जाता शिक्षा ठरवली, आणि तो त्यांचा अधिकार होता. दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच फाशी, हे बचनसिंग खटल्याने १९८० मध्ये घालून दिलेले बंधन विधानसभेच्या ठरावाने सैल होत नाही. विधानसभा शक्तीवर शिक्कामोर्तब करत होती त्याच्या महिनाभर आधी मुंबई उच्च न्यायालयाने शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणातल्या तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली होती, आणि शिक्षा लोकक्षोभावरून ठरत नाही हेही बजावले होते. एवढा ताजा निकाल समोर असताना सभागृहात त्यावर मोकळी चर्चा व्हायला हवी होती.

आता मुदतींचे. तीस दिवसांत तपास, तीस दिवसांत खटला हे ऐकायला छान वाटते. पण मुदती आधीही होत्या. २०१८ च्या दुरुस्तीने बलात्काराचा तपास दोन महिन्यांत आणि खटला दोन महिन्यांत संपवायला सांगितले, अपिलाला सहा महिने दिले. पॉक्सो कायदा २०१२ पासून सांगतो की मुलाची साक्ष तीस दिवसांत आणि खटला वर्षभरात व्हावा. पुस्तकात सगळे आहे. मुदत उलटली तर जाब कोणाला विचारायचा, एवढेच त्यात नाही. शक्तीने जुन्या आकड्याच्या जागी लहान आकडा लिहिला. लग्नपत्रिकेवर मुहूर्त छापला म्हणून भटजी वेळेवर येत नाहीत.

उशीर कुठे होतो हे समजायला समिती नेमायची गरज नाही. कोणत्याही जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात सकाळपासून दुपारपर्यंत बसून पाहा. पीडितेचे कपडे प्रयोगशाळेत गेलेले असतात आणि रासायनिक तपासणीचा सीए रिपोर्ट यायचा असतो. तपास अधिकाऱ्याची बदली झालेली असते आणि तो दुसऱ्या जिल्ह्यातल्या बंदोबस्तावर असतो. पंचाला समन्स बजावलेले नसते. बजावले असले तर तो फितूर झालेला असतो. सरकारी वकिलाच्या हातात त्या दिवशीच्या फायलींचा असा ढीग असतो की साक्षीदार दारात उभा राहिला की तो पहिल्यांदा फाईल उघडतो. न्यायाधीशांकडे रजेवर गेलेल्या दुसऱ्या न्यायाधीशांचा कार्यभार असतो. मग कारकून पुढची तारीख सांगतो. आणि भिंतीकडे तोंड करून बसलेली ती मुलगी आईबरोबर पुन्हा एसटी स्टँडवर जाते. आरोपी त्याच गावचा असेल तर पुष्कळदा त्याच गाडीने.

यांतल्या एकाही अडचणीसाठी राष्ट्रपतींची संमती लागत नाही. कलिना, नागपूर, पुण्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळांतली पदे भरणे राज्याच्या हातात आहे. सरकारी वकील नेमणे राज्याच्या हातात आहे. तपास आणि बंदोबस्त यांसाठी वेगळे पोलीस ठेवणे राज्याच्या हातात आहे. साक्षीदारांच्या संरक्षणाचा कायदा महाराष्ट्राने २०१७ मध्येच केला. पीडितेला दहा लाखांपर्यंत मदत देणारी मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, फक्त ती वेळेवर हातात पडायला हवी. दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश हवेत असे विधी आयोगाने १९८७ मध्ये सांगितले. आज देशात मंजूर पदेच एकवीसच्या आसपास आहेत, आणि त्यांतलीही सगळी भरलेली नाहीत. या सगळ्याला पैसे लागतात, वर्षानुवर्षे लागतात, आणि त्यावर बाके वाजत नाहीत. शिक्षा वाढवायला मात्र अर्थसंकल्पात एक रुपयाही ठेवावा लागत नाही.

शिक्षा वाढवल्याने काही बिघडत तर नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. बिघडते. अशा गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो: काका, शेजारी, शिकवणीचा मास्तर. त्याला फाशी होईल म्हटल्यावर घरातलीच माणसे तक्रार मागे घ्यायला लावतात. खून आणि बलात्कार यांची शिक्षा सारखी झाली की साक्षीदार जिवंत ठेवण्याचे कारण गुन्हेगाराला उरत नाही. निर्भया प्रकरणानंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने सारा देश फाशी मागत असतानाही फाशीची शिफारस केली नव्हती, ती विचार करूनच. आणि आपल्या शक्तीत तर खोटी तक्रार केल्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. आधीच बिचकत पोलीस ठाण्याची पायरी चढणाऱ्या बाईला हे कोणते बळ?

महाराष्ट्राने देशाला याहून चांगले काही शिकवलेले आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नाही, तेव्हा तिची संमती होती असा तर्क. त्यावर १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. त्यांचा रोख शिक्षेच्या आकड्यावर नव्हता. मुकाट राहणे म्हणजे संमती कशी, हे त्यांनी विचारले. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने तेच धरून चालायचे. खटला बंद दाराआड चालवायचा. पीडितेचे नाव छापायचे नाही. न्यायालयाची रीत बदलली, आणि ती आजही हजारो बायकांच्या उपयोगी पडते आहे. असा कायदा करायला अभ्यास लागतो. फाशी लिहायला लागत नाही.

लोकांचा राग खोटा आहे असे मी म्हणत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या मुलींवरच्या अत्याचारानंतर बदलापूरच्या रुळांवर उतरलेल्या आईबापांचा राग शंभर टक्के खरा होता. पण त्या रागाला सरकारने खटला दिला नाही. महिनाभरात आरोपी पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला. हैदराबादेत २०१९ मध्ये बलात्काराच्या प्रकरणातले चौघे आरोपी असेच मारले गेले तेव्हा पोलिसांवर फुले उधळली गेली. पुढे न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने ती चकमक बनावट असल्याचा आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन असल्याचा निष्कर्ष काढला, तेव्हा फुले उधळणारे कुठे दिसले नाहीत. 'दिशा'च्या एकवीस दिवसांत न्याय देण्याच्या घोषणेला आणि महामार्गावरच्या गोळीला एकच गोष्ट खुपते: मधला खटला. आरोपीला वकील असतो, उलटतपासणी होते, पुरावा तोलला जातो, याचा सगळ्यांना कंटाळा आला आहे. आपल्या घरातला मुलगा चुकीच्या नावाने उचलला जाईपर्यंत हा कंटाळा टिकेल.

यंदाच्या अंकाचा विशेष विभाग 'वाट पाहणे' या विषयावर आहे. त्यात पावसाची वाट आहे, बोटीवरून परतणाऱ्या नवऱ्याची आहे, अनुदानाची आहे, आणि एक फार सुंदर लेख सोनोग्राफीच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावरचा आहे. न्यायालयाच्या व्हरांड्यातल्या वाट पाहण्यावर आमच्याकडे लेख आला नाही. मागितला होता. एका सरकारी वकिलांनी होकारही दिला, नंतर कळवले की तारखांतून सवड नाही. तेव्हा ती उणीव या पानाने भरून काढली असे समजा. ओढूनताणून जोडल्यासारखे वाटले तर संपादकाला तेवढी मुभा असते.

एक काम मात्र तुम्हाला सांगतो. आमदार दारात येतील, दिवाळीच्या शुभेच्छांचे फलक तर चौकात लागलेच असतील. शक्ती कायदा कधी आणणार, असे त्यांना विचारू नका. त्याचे उत्तर त्यांच्याकडे तयार आहे. आपल्या जिल्ह्याच्या न्यायालयात न्यायाधीशांची आणि सरकारी वकिलांची किती पदे रिकामी आहेत, सीए रिपोर्ट यायला किती महिने लागतात, पॉक्सोचे किती खटले वर्षाच्या मुदतीबाहेर गेले आहेत, आणि याबद्दल त्यांनी सभागृहात कधी तोंड उघडले, हे विचारा. उत्तर मिळाले तर आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात जागा राखून ठेवतो.

दिवाळीच्या शुभेच्छा. अंक वाचून झाला की शेजाऱ्याला द्या, पण परत मागून घ्या.