लहान तोंडी मोठा घास

‘लहान तोंडी मोठा घास’ असे म्हणून आपण धडपड्या मुलांना गप्प बसवितो. असा एक घास आपल्या इंदूरनेही घेतला होता. १९९९ साली विनय छजलानी यांनी येथे ‘वेबदुनिया’ हे हिंदी संकेतस्थळ सुरू केले. राहुल बारपुते यांच्यासारखा मराठी संपादक लाभलेल्या ‘नई दुनिया’ दैनिकाच्या घराण्यातले ते.

त्या काळी बलाढ्य परदेशी कंपन्यांचे लक्ष इंग्रजीवर होते. देवनागरीसाठी जो तो आपापला फाँट वापरी आणि एका संगणकावरचा मजकूर दुसऱ्यावर निरर्थक चिन्हे होऊन उमटे. मोठ्यांना क्षुल्लक वाटलेल्या या अडचणीतच लहानाला जागा सापडली. पुढे त्याच संस्थेने मराठी आवृत्तीही काढली.

युनिकोड रूढ झाल्यावर गूगलसारख्यांनाही आपल्या भाषांची वाट मिळाली. मग लहानांनी काय करावे? आकारात बरोबरी करू नये. मोठ्या पेढीला सारी गिऱ्हाइके सारखीच. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला मात्र घरोघरचे सणवार आणि पथ्यपाणी ठाऊक असते. ती जवळीक हेच लहानांचे भांडवल.

आज आपल्या घरांतील मुलेमुली नोकरी सोडून असे उद्योग काढू म्हणतात, तेव्हा आईवडिलांना घोर लागतो. तो साहजिकच आहे. परंतु ‘तू गूगलपुढे टिकणार कसा?’ असे विचारण्याऐवजी ‘कोणाची कोणती अडचण दूर करणार?’ असे विचारावे. उत्तर नेमके असेल, तर पहिले गिऱ्हाईक आपणच व्हावे. नुसत्या आशीर्वादावर दुकान चालत नाही.